हॅल्सिअन : चौदा दिवसांचा निवांत समुद्र

इंग्रजीतली काही विशेषणं एकटी कधी फिरतच नाहीत. ‘हॅल्सिअन’ हे त्यांतलं एक. जुन्या शहरावरचा लेख, निवृत्त खेळाडूच्या आठवणी, एखाद्या घराण्याचा इतिहास अशा ठिकाणी ते अवचित भेटतं आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारी ‘डेज’ हा शब्द असतोच. हॅल्सिअन डेज. कोशात पाहिलं तर अर्थ सापडतो : शांत, निवांत, सुखासमाधानाचे. तेवढ्यावर कोश मिटवला तरी वाक्य कळतं, काम भागतं. पण त्याच नोंदीत थोडं खाली आणखी एक अर्थ दिलेला असतो आणि तो वाचला की कोश मिटवावासा वाटत नाही. तो अर्थ आहे खंड्या पक्षी.

हो, तोच आपला खंड्या. विहिरीच्या काठावर, भाताच्या खाचरालगतच्या खांबावर, शहरात तर विजेच्या तारेवरही बसलेला दिसतो. एका भाषेत निवांतपणाचं विशेषण आणि या पक्ष्याचं नाव एकच कसं झालं? याचं उत्तर शोधत गेलं की अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं आणि वाटेत एक बुडालेलं जहाज, वाऱ्यांचा राजा, ॲरिस्टॉटल, समुद्रतळावरचं एक पोवळं आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा लागतात. इतका ऐवज पोटात बाळगणारी विशेषणं फार थोडी असतील.

सुरुवात गोष्टीपासूनच करायला हवी. ती ग्रीक आहे, पण आज आपण जी वाचतो ती मुख्यतः ओव्हिड या रोमन कवीने सांगितलेली. इसवी सन ८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात ती येते.

ट्रॅकिस नावाच्या राज्याचा राजा केइक्स हा पहाटताऱ्याचा मुलगा. त्याची राणी अल्क्योनी ही वाऱ्यांना कोंडून ठेवणाऱ्या इओलसची मुलगी. दोघांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम. भावाच्या बाबतीत घडलेल्या विचित्र घटनांनी केइक्स अस्वस्थ होतो आणि देवाचा कौल घ्यायला समुद्रापार क्लारोसच्या देवळात जायचं ठरवतो. अल्क्योनी त्याला परोपरीने अडवते. ती वाऱ्यांच्या घरात वाढलेली. हे वारे एकदा सुटले की कुणाच्या बापाला आवरत नाहीत, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. खुद्द तिच्या बापालाही नाही. केइक्स तिला वचन देतो की चंद्र दोनदा पूर्ण होण्याआधी परत येईन, आणि निघतो.

जहाज अर्ध्या वाटेवर असताना रात्री वादळ उठतं. ओव्हिड या वादळावर ओळींमागून ओळी खर्च करतो. शेवटी केइक्स एका फळीला धरून तरंगत राहतो, तोंडी बायकोचं नाव, आणि ते नाव घेतच बुडतो.

इकडे अल्क्योनीला काहीच माहीत नाही. ती दिवस मोजते आहे, तो परतल्यावर घालायचे कपडे विणते आहे, रोज जूनो देवीच्या देवळात त्याच्या खुशालीसाठी धूप जाळते आहे. मेलेल्या माणसाच्या खुशालीसाठी केलेली ही प्रार्थना देवीलाच सहन होईनाशी होते. गोष्टीतली ही जागा मला सगळ्यांत विलक्षण वाटते. देवी रागावत नाही, ओशाळते. ती निद्रादेवाकडे निरोप धाडते आणि निद्रादेव आपल्या हजार मुलांतून माणसांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एकाला निवडतो. त्याचं नाव मॉर्फिअस. तो केइक्सच्या रूपात, दाढीतून पाणी निथळत असलेला, अल्क्योनीच्या स्वप्नात उभा राहतो आणि सांगतो की मी बुडालो, आता माझ्यासाठी शोकाची वस्त्रं घाल.

या मॉर्फिअसपाशी क्षणभर थांबलं पाहिजे. प्राचीन वाङ्मयात तो फक्त याच गोष्टीत आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीड्रिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून वेदना शमवणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला या स्वप्नदेवाचं नाव दिलं. तेच आपलं मॉर्फिन. पुढे विसाव्या शतकात झोपेची एक गोळी बाजारात आली, तिचं नाव हॅल्सिअन, इंग्रजीत एका अक्षराचा काय तो फरक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कथेतून दोन शब्द औषधांच्या दुकानात पोचले, एक वेदनेवर आणि एक निद्रानाशावर. दोन्ही व्यथा त्या कथेतही होत्या.

सकाळी अल्क्योनी किनाऱ्यावर जाते. जिथून त्याला निरोप दिला होता, तिथेच. लांबवर काहीतरी तरंगताना दिसतं. लाटांबरोबर ते जवळ येतं. ते तोच असतो. ती धक्क्यावरून झेप घेते, पण खाली पडत नाही, उडते. हवेतच तिला पंख फुटतात, तोंडातून चोचीचा बारीक आवाज निघतो. ती त्या थंड चेहऱ्याला चोचीने स्पर्श करते. देवांना दया येते आणि तोही पक्षी होतो. त्यांचं नातं पुढे पक्षिजन्मातही टिकतं. भर हिवाळ्यात सात दिवस अल्क्योनी समुद्रावर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी उबवते आणि तेवढे दिवस इओलस आपले वारे कोंडून धरतो, कारण त्या घरट्यात त्याची नातवंडं असतात. मुलीच्या नवऱ्याला वाचवायला जो बाप आला नाही, तो नातवंडांसाठी समुद्र शांत ठेवतो.

तर ही ‘अल्क्योनीची’ शांतता. ग्रीक भाषेत या पक्ष्याचं नाव अल्क्यॉन, आणि तेच पुढे इंग्रजीत हॅल्सिअन झालं. मुळात हे विशेषण कुठल्याही सुखाचं नव्हतं. ते मोजक्या दिवसांचं होतं आणि ते दिवस कॅलेंडरवर दाखवता येत होते.

ओव्हिडच्या साडेतीनशे वर्षं आधी ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात हे दिवस नोंदवून ठेवले आहेत. वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे आपला २१-२२ डिसेंबर. त्याच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. पहिल्या सात दिवसांत पक्षी घरटं बांधतो, पुढच्या सातांत अंडी घालून पिल्लं वाढवतो, असं म्हणतात, असं तो लिहितो. लगेच पुढे एक फार प्रामाणिक वाक्य आहे : आपल्याकडे हे शांत दिवस नेमके तेव्हाच येतात असं नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र ते बहुतेक नेमाने येतात. ऐकीव गोष्ट नोंदवायची, पण अनुभवाशी ताडून पाहायची, ही त्याची सवय इथेही सुटलेली नाही.

आणि हे दिवस खरोखर येतात. भूमध्य सागरात हिवाळा हा वादळांचा काळ. प्राचीन काळी या महिन्यांत जहाजं बंदरात ओढून ठेवत. पण भर हिवाळ्यात मधेच ग्रीसवर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा येऊन बसतो, वारा पडतो, आकाश निवळतं आणि काही दिवस ऊन इतकं कोवळं पडतं की अथेन्समध्ये लोक कोट काढून बाहेर बसतात. आजही ग्रीक माणूस या दिवसांना ‘अल्क्योनिदेस मेरेस’, म्हणजे अल्क्योनीचे दिवस म्हणतो. हवामानाच्या बातम्यांत हा शब्द सर्रास येतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते कधीही येतात, बहुधा जानेवारीत. इंग्रजीत जे विशेषण पुस्तकी होऊन बसलंय, ते त्याच्या मूळ गावी हवामानाचा अंदाज सांगतं.

म्हणजे शांत दिवस खरे होते आणि ते पाहणारे लोकही खरे होते. चूक झाली ती पक्ष्याच्या बाबतीत.

युरोपातला हा पक्षी म्हणजे छोटा खंड्या, जो आपल्याकडेही ओढ्या-तळ्यांवर दिसतो. ॲरिस्टॉटलने त्याचं वर्णन चिमणीहून फार मोठा नाही, अंगावर निळा, हिरवा आणि फिका जांभळा रंग, असं केलंय आणि ते बरंचसं जुळतं. हा पक्षी समुद्रावर घरटं करत नाही. हिवाळ्यात तर नाहीच नाही. युरोपात त्याची वीण वसंतात, एप्रिलच्या आसपास सुरू होते. नदीच्या उभ्या, मऊ मातीच्या काठात नर-मादी चोचीने माती उकरून जवळपास हातभर लांब बोगदा करतात, त्याच्या टोकाला एक गोल पोकळी असते, आणि तिथे अंधारात मादी पांढरीशुभ्र, चकचकीत अंडी घालते. गवत, काड्या, पिसं काही नाही. खाली पसरलेले असतात ते माशांचे बारीक काटे, जे हे पक्षी खाऊन गोळ्यांच्या रूपात परत बाहेर टाकतात. कथेतली ती तरंगती शय्या आणि हा काट्यांवरचा काळोख, यांत केवढं अंतर! अंडी उबायलाच सुमारे तीन आठवडे लागतात आणि पिल्लं बाहेर यायला आणखी तीन-साडेतीन. सात दिवसांत हे सगळं उरकायचं म्हणजे इओलसला वारे फार लवकर सोडावे लागले असते.

मग समुद्रावरच्या घरट्याची कल्पना आली कुठून? युरोपच्या आतल्या भागातल्या नद्या-तळी हिवाळ्यात गोठली की हे पक्षी दक्षिणेकडे, समुद्रकिनाऱ्यांकडे सरकतात, कारण मासे मिळतील असं उघडं पाणी तिथेच उरतं. ग्रीक कोळ्याला आणि खलाशाला हा निळा पक्षी किनाऱ्यावर दिसायचा तो नेमका हिवाळ्यात. वारा पडलेल्या, पाणी आरशासारखं झालेल्या दिवशी तर हमखास, कारण गढूळ, उसळत्या पाण्यात त्याला मासा दिसतच नाही. उन्हाळ्यात तो तिथून नाहीसा व्हायचा आणि त्याचं घरटं तिथे कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही. हिवाळा, शांत पाणी आणि पक्षी, तिन्ही एकत्र दिसले आणि घरटं मात्र दिसलं नाही. मग ते पाण्यावरच असणार! हे अनुमान चुकलं खरं, पण ते डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसांचं अनुमान होतं.

त्यात त्यांना ‘पुरावा’ही सापडला. किनाऱ्यावर लाटांबरोबर हलके, सच्छिद्र, गोल किंवा भोपळ्याच्या आकाराचे गोळे वाहून यायचे. ॲरिस्टॉटलने अशा गोळ्याचं फार बारकाईने वर्णन केलंय : धारदार लोखंडानेही तो सहज कापला जात नाही, पण आपटला तर समुद्राच्या वाळलेल्या फेसासारखा पटकन भुगा होतो. तो गोळा म्हणजे घरटं नव्हतंच, समुद्रजीवांचा वाळलेला सांगाडा असावा. पण या वस्तूला पक्ष्याच्या नावावरून ‘अल्क्योनिऑन’ म्हणू लागले. पुढे सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने मऊ पोवळ्यांच्या एका प्रजातीला हेच नाव लॅटिन वळणाने दिलं, ‘अल्सिओनियम’. समुद्रतळाच्या खडकाला चिकटून राहणाऱ्या, जन्मात कधी न उडणाऱ्या प्राण्याला खंड्याच्या घरट्याचं नाव मिळालं ते असं.

आणखी एक चूक या शब्दाच्या अंगावरच कोरलेली आहे. मूळ ग्रीक नावात सुरुवातीला ‘ह’ नव्हता. शब्दाचं खरं मूळ ग्रीकांच्याही आधीच्या एखाद्या भाषेत असावं असं मानतात. ग्रीकांना अर्थातच त्याचा अर्थ लागेना. मग त्यांनी तो लावला : ‘हाल्स’ म्हणजे मीठ, समुद्र, आणि ‘क्युओन’ म्हणजे गर्भ धारण करणारी. समुद्रावर वीण करणारी ती हाल्क्युओन! व्युत्पत्ती गोष्टीत इतकी चपखल बसली की नावाच्या आधी ‘ह’चा उच्चार येऊन चिकटला, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एच म्हणून तो आजही आहे. लॅटिनमध्ये याच पक्ष्याला ‘अल्सीडो’ म्हणतात आणि तिथे एचचा पत्ता नाही. शब्द बोलणाऱ्या लोकांनी गोष्टीवर इतका विश्वास ठेवला की शब्दानेच आपलं रूप बदललं.

समुद्र सोडून हे दिवस माणसांच्या व्यवहारात कधी आले? फार लवकर. इसवी सनाच्या दोनशे वर्षं आधीच्या प्लाउटस या रोमन नाटककाराने एका नाटकाच्या सुरुवातीला प्रेक्षकांना सांगून टाकलंय की सध्या उत्सवाचे खेळ चालू आहेत, सावकार तगादा लावणार नाहीत, बाजारचौकात खंड्याचे दिवस आलेत. देणेकऱ्यांना यापेक्षा निवांत हवामान कोणतं! अर्थाचा विस्तार किती सहज झाला बघा. वारा थांबला म्हणजे समुद्र शांत, तगादा थांबला म्हणजे माणूस शांत. आणि दोन्ही ठिकाणी सगळ्यांना ठाऊक आहे की उत्सव संपला की सावकार पुन्हा दारात येणार.

इंग्रजीत हा पक्षी चौदाव्या शतकात आला. चॉसर या कवीने आपल्या एका सुरुवातीच्या कवितेत केइक्स आणि अल्क्योनीची गोष्ट सांगितली, पण शेवटचं रूपांतर गाळून टाकलं. त्याची अल्क्योनी पक्षी होत नाही, तीन दिवसांत शोकाने मरते. त्या कवितेत दुःख उरतं, पक्षी उरत नाही. सुदैवाने भाषेने चॉसरचं ऐकलं नाही. सोळाव्या शतकापर्यंत ‘हॅल्सिअन डेज’ हा जोडशब्द रुळला. शेक्सपिअरच्या ‘हेन्‍री द सिक्स्थ’च्या पहिल्या भागात फ्रान्सची जोन वेढ्यात सापडलेल्या आपल्या माणसांना अशाच दिवसांची आशा दाखवते.

त्याच शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये हे विशेषण अगदी वेगळ्या कामाला लागलंय. तिथे धन्याच्या मर्जीप्रमाणे वळणाऱ्या खुशमस्कऱ्या नोकरांच्या चोचींना हॅल्सिअन म्हटलंय. यामागे इंग्लंडमधली एक समजूत आहे. मेलेला खंड्या वाळवून दोऱ्याने घरात टांगला तर तो वाऱ्याच्या दिशेने चोच वळवतो, असं लोक मानत. वाऱ्यांच्या राजाची ती लेक, तेव्हा मेल्यावरही तिला बापाची चाल कळणारच. १६४६ मध्ये नॉर्विचचे डॉक्टर सर थॉमस ब्राउन यांनी लोकांच्या चुकीच्या समजुतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात या गोष्टीचाही समाचार घेतला. वादविवाद करत न बसता त्यांनी पीळ नसलेल्या रेशमी धाग्याने पक्षी मोकळ्या खोलीत टांगून पाहिला. तो वाऱ्याकडे क्वचितच नीट तोंड करायचा. मग त्यांनी एकाच खोलीत दोन पक्षी टांगले. एकाचं तोंड एका बाजूला, दुसऱ्याचं भलत्याच बाजूला! पीळ नसलेला धागा घेण्याची दक्षता मला फार आवडते. पीळ असता तर धागा स्वतःच फिरला असता आणि पक्षी खरा ठरला असता.

या शब्दाची एक खूण वापरताना लक्षात ठेवावी. आज इंग्रजीत हॅल्सिअन दिवस जवळजवळ नेहमी भूतकाळात असतात. ‘सध्या माझे हॅल्सिअन दिवस चालू आहेत’ असं कुणी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या इंग्लंडबद्दल लिहिताना हे विशेषण वारंवार येतं, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही १९१४ साली काय झालं ते ठाऊक असतं. म्हणून याचा अर्थ नुसता ‘छान’ किंवा ‘सुखाचे’ असा लावला की शब्दाचा गाभाच निसटतो. आपल्याकडे वादळापूर्वीची शांतता असं म्हणतात, तीही ही नव्हे. त्या शांततेत भीती असते. हॅल्सिअन शांततेच्या अलीकडेही वादळ आहे आणि पलीकडेही, मधे मोजून चौदा दिवस, आणि ते कुणीतरी कुणाच्यातरी पिल्लांसाठी राखून ठेवलेले. परीक्षेनंतरच्या सुट्टीला हे विशेषण लावू नये. दोन कठीण काळांच्या मधोमध मिळालेल्या, पुढे आयुष्यभर आठवत राहिलेल्या दिवसांना जरूर लावावं.

हे विशेषण बोलण्यात दुर्मीळ झालं तरी पक्षिशास्त्राने गोष्टीतलं सगळं कुटुंबच जपून ठेवलंय. १७५८ मध्ये लिनियसने छोट्या खंड्याच्या प्रजातीला लॅटिन ‘अल्सीडो’ नाव दिलं. १७९९ मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने काही इवल्या खंड्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला नाव दिलं ‘केइक्स’. १८२१ मध्ये विल्यम स्वेन्सन या इंग्रजाने आणखी एका गटाला ‘हॅल्सिअन’ म्हटलं. राजा आणि राणी दोघंही आले. माणसासारखं खदाखदा हसणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कूकाबुराला मात्र गोष्टीतलं नाव मिळालं नाही. १८१५ मध्ये विल्यम लीच यांनी ‘अल्सीडो’ची सहा रोमन अक्षरं उलटसुलट करून त्याला ‘डासेलो’ करून टाकलं. आग्नेय आशियातल्या आणखी एका खंड्याला तीच अक्षरं पुन्हा पिसून ‘लासेडो’ मिळालं.

आणि आपल्या तारेवरचा तो खंड्या? त्याचं शास्त्रीय नाव ‘हॅल्सिअन स्मर्नेन्सिस’. कधी जवळून पाहायला मिळाला तर नीट पाहून घ्या. डोकं आणि पोट चॉकलेटी, गळ्यापासून छातीपर्यंत पांढरं लाळेरं बांधल्यासारखं, चोच अंगाच्या मानाने अवजड आणि लालभडक. पाठ आणि पंख निळे. त्या निळ्यात निळा रंग मुळी नसतोच. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म, स्पंजसारख्या रचनेवरून उजेड असा विखुरतो की आपल्यापर्यंत निळाच पोचतो. समुद्राशी तर याचं नातं फारच पातळ. टोळ, सरडे, बेडूक, उंदराची पिल्लं, काहीही चालतं. त्यामुळे पाण्यापासून मैलभर दूर माळावरही तो सुखाने राहतो.

नावातलं ‘स्मर्नेन्सिस’ म्हणजे स्मर्ना गावचा. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे प्राचीन शहर, आजचं इझमीर. लिनियसने या पक्ष्याला त्या गावाचं नाव दिलं. आता गोष्ट पुन्हा आठवा. केइक्स कुठे निघाला होता? क्लारोसच्या देवळात. ते क्लारोस आजच्या इझमीर प्रांतातच, शहराच्या दक्षिणेला आहे. देवळाचे खांब आजही तिथे पडलेले दिसतात. ज्या किनाऱ्याला राजा कधी पोचलाच नाही, त्या किनाऱ्याचं नाव राणीच्या नावापुढे कायमचं लागलंय, आणि हे जोडनाव घेऊन हा पक्षी आपल्या नळावर, गच्चीवर, नारळाच्या झावळीवर येऊन बसतो. लिनियसच्या मनात हा योग होता असं मानायला काही आधार नाही, म्हणून तर तो मला जास्तच विलक्षण वाटतो.

राजाचं नावही आपल्याकडे आहे. तिबोटी खंड्या, शास्त्रीय नाव ‘केइक्स एरिथाका’. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, पोट पिवळं, पाठ निळी-काळी, डोक्यावर जांभळट झाक, चोच आणि पाय केशरी. हा झाडीतल्या ओढ्यांचा पक्षी. जूनमध्ये पावसाबरोबर तो कोकणात हजर होतो आणि सप्टेंबरपर्यंत त्याची वीण चालते. कर्नाळ्याच्या अभयारण्यात, चिपळूणच्या परिसरात पक्षी पाहणारे याच्यासाठी भर पावसात जातात. पाऊस पडून दरडीची माती मऊ झाली की नर-मादी तीत बोगदा खणतात आणि सापसुरळ्या, बेडूक, ओढ्यातले खेकडे आणून पिल्लांना भरवतात. ग्रीकांच्या कथेत याच्या घरट्यासाठी वारे थांबतात, इथे मात्र तो वर्षातले सर्वांत खवळलेले चार महिने निवडून घरटं करतो आणि पिल्लं वाढवून दाखवतो.

अलीकडे या तिबोटीच्या घरट्यांसमोर कॅमेऱ्यांची गर्दी होऊ लागली आहे. पिल्लांचं तोंड भरायला आई-बापांना दिवसभर खेपा घालाव्या लागतात आणि समोर माणसं उभी असली की ते चोचीत भक्ष्य धरून तसेच लांब बसून राहतात. यंदा पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या ओढ्याकाठी, दरडीतल्या भोकाकडे झेपावणारा हा पक्षी दिसला, तर लांबूनच पाहा, फार वेळ थांबू नका आणि त्या जागेचा पत्ता कुणाला कळवू नका.